कोयता कुणी धरायचा?

रिकाम्या हातानं कोयता काढून घेता येतो, असं मी मानत होतो आणि तसंच शिकवत होतो. पुढे ते मानणं सुटलं आणि ‘हत्यार दिसलं की पळा’ यावर येऊन थांबलो. आता तेही अपुरं वाटतं. दोनदा मत बदललेल्या मास्तरावर पोरांनी विश्वास का ठेवावा, असं बायको विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे. पण माझ्या वर्गातली पोरं दुसरी पाळी सुटल्यावर मध्यरात्री म्हाळुंगे-खराबवाडीच्या रस्त्यानं चालत खोलीवर जातात. माझं मत उद्या त्यांच्या अंगावर येऊ शकतं, म्हणून ते कसं आणि का बदललं हे सांगून टाकलेलं बरं.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. भोसरी एमआयडीसीत डाय-मेकर म्हणून लागलो, तिथेच केस पिकले. संध्याकाळी कराटेचा वर्ग घ्यायचो. नोकरी संपली, वर्ग राहिला.

आमच्या या धंद्याचा हंगाम मार्च. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि १९७२ पासून तो कारखान्यांत पाळला जातो. त्यानंतर चारच दिवसांनी महिला दिन. या आठवड्यात पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांना शपथ, पोस्टर आणि घोषवाक्यं यांच्या जोडीला काहीतरी जिवंत दाखवायला लागतं. मग मला बोलावणं येतं. कँटीनमधली टेबलं भिंतीला लावायची, मधल्या जागेत मी आणि माझा एक जुना विद्यार्थी. तो रबरी चाकू घेऊन वरून वार करणार. मी दोन मनगटांची फुली करून तो अडवणार, हात पकडून बाहेरच्या बाजूला पिरगाळणार, चाकू खाली पडणार, तो गुडघ्यावर येणार. टाळ्या. एचआरवाले म्हणणार, सर, आणखी एकदा, जरा सावकाश, फोटो नीट येत नाही. सावकाश केलं की तो डाव आणखीच देखणा दिसतो, ही त्यातली गंमत.

हे सगळं नुसतं नाटक होतं असं मात्र मी म्हणणार नाही. रिकाम्या हातानं हत्यारी माणसाशी झुंजण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या १९१४ पासूनच्या संस्थेनं लाठी-लेझमीबरोबर जंबिया म्हणजे खंजिराचे डाव शिकवले. बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला तो याच परंपरेची नोंद राहावी म्हणून. जपानच्या कोदोकाननं १९५६ साली ज्युदोमध्ये स्वसंरक्षणाचे जे डाव पक्के केले, त्यात चाकू, काठी आणि पिस्तूल असलेल्या माणसासाठी वेगवेगळे डाव आहेत. इस्रायलच्या सैन्यातून आलेल्या क्राव मगाचा जनक इमी लिक्टनफेल्ड हा ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर मारामाऱ्या करून शिकलेला माणूस. त्याच्या पद्धतीतही चाकूला मोठी जागा आहे. इतक्या जाणत्या लोकांनी यावर आयुष्य घातलं, म्हणजे त्यात काहीतरी आहेच. फरक एवढाच, की त्यांनी ते वर्षानुवर्षं, रोज, घाम गाळून शिकवलं. आम्ही त्याचा चहाच्या सुट्टीआधी उरकायचा चाळीस मिनिटांचा कार्यक्रम केला.

आणि आमच्याकडे चाकूपेक्षा कोयता जास्त. बाहेरगावच्या वाचकाला हे जरा विचित्र वाटेल. गाड्या, सुटे भाग, इलेक्ट्रॉनिक्स यांच्या कारखान्यांचा हा पट्टा. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली तेव्हापासून इथे यंत्रं येतायत. आणि भांडण निघालं की हातात निघतो ऊसतोडीचा कोयता. त्याचं एक कारण कायद्यात आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालच्या नियमांत धारदार हत्यारांची जी व्याख्या आहे ती नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची. पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. ते वगळणं योग्यच आहे, नाहीतर आळंदीच्या शेतकऱ्यानं ऊस कशानं तोडायचा? पण त्यामुळे कोयता दुकानात उघड मिळतो, आणि नाही मिळाला तरी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून तो घडवणारा कुणीतरी असतोच. जानेवारी २०२३ मध्ये, ‘कोयता गँग’ हा शब्द रोज छापून येत होता तेव्हा, पुणे पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघायला सांगितलं. आमच्याकडे १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, चाकण त्याच्याच हद्दीत. पण चिखली, निगडी, थेरगावात रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडत जाणारी पोरं कोयता विकत घ्यायला आधार कार्ड घेऊन जात असतील, असं मला कधी वाटलं नाही.

कोयता आणि चाकू एकाच टोपलीत टाकून आम्ही शिकवत होतो, हेही सांगितलं पाहिजे. कोयता फिरवला जातो. त्याचा सगळा जोर पात्याच्या पुढच्या भागात. मुठीजवळ तो मंद असतो. त्यामुळे कोयतेवाल्याच्या अगदी अंगाशी भिडलेला माणूस हातभर लांब उभ्या असलेल्या माणसापेक्षा सुरक्षित. चाकूचं नेमकं उलटं. चाकूवाल्याच्या अंगाशी जाणं म्हणजे त्याचं काम सोपं करणं. तो एकदा वार करून हात तिथेच धरून ठेवत नाही. खुपसतो, काढतो, परत खुपसतो, आणि दुसऱ्या हातानं तुम्हाला धरून ठेवतो. वार करून पुतळ्यासारखा थांबणारा हल्लेखोर फक्त आमच्या वर्गात भेटायचा.

माझं पहिलं मत कशानं गेलं, तर होळीच्या रंगानं. प्लायवूडचा कोयता कापून घेतला, धारेला पॉलिश मारून ओला लाल रंग लावला, पोरांना पांढरे जुने बनियन घालायला लावले. एकालाच सांगितलं: तुला हवं तिथे, हवं तेव्हा, हवं तसं मार. समोरच्याला काहीच सांगितलं नाही. माझा सगळ्यात तयारीचा विद्यार्थी, जिल्हा पातळीवर पदकं घेतलेला, त्यानं कोयता खरोखर हिसकावून घेतला. जिंकल्यासारखा हात वर केला तेव्हा त्याच्या दंडापासून मानेपर्यंत लाल पट्टे होते. मी स्वतः उतरलो. माझी गत वेगळी झाली नाही. पुढे रबरी चाकूला रंग लावून पाहिलं, तेव्हा तर पट्टे कुठून आले हेही सांगता येईना. डाव जमला की नाही हा प्रश्नच उरला नव्हता. तो जमेपर्यंत काय काय झालेलं असतं, हा प्रश्न होता.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचा एक पोलीस सार्जंट होता, डेनिस ट्यूलर. त्यानं १९८३ साली एका लेखात मांडलं, की चाकू घेऊन धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला प्रशिक्षित पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. हे पिस्तूलवाल्याचं झालं. आमच्या पोरांकडे डबा आणि मोबाईल. २१ फूट म्हणजे कँटीनच्या काउंटरपासून हात धुण्याच्या बेसिनपर्यंतचं अंतर. तेवढ्या वेळात ‘हा वरून येतोय की आडवा, मग कोणता डाव’ हे ठरवायचं, असं मी शिकवत होतो.

त्या दिवसांत एका कारखान्यातल्या सेफ्टी ऑफिसरशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याला आपण ‘रॅम खाली यायच्या आत हात चपळाईनं मागे घे’ असं शिकवत नाही. कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २१ सांगतं की धोक्याचा भाग झाका. म्हणून गार्ड असतं. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही. हात आत गेला तर प्रकाशाचा पडदा तुटून मशीन थांबतं. सुरक्षेची ही उतरंड सगळ्या सुपरवायझरांना पाठ असते. धोका मुळातच काढून टाका, नाही जमलं तर सौम्य पर्याय वापरा, मग गार्ड, मग कामाची रीत, सगळ्यात शेवटी हातमोजे नि हेल्मेट. टूलरूममध्ये माझं आयुष्य यात गेलं, आणि संध्याकाळी मात्र मी प्रेसखालून हात काढण्याची चपळाई शिकवत बसलो होतो.

मग वर्गाचं वळण बदललं. या पट्ट्यात पोरांवर जो प्रसंग येतो तो बहुतेक वेळा लुटीचा असतो. पगाराचे दिवस, दुसऱ्या पाळीची सुटका, सर्व्हिस रोडवरचा अंधार, मोटरसायकलवर तिघं. त्यांना फोन हवा असतो, पाकीट हवं असतं, आणि एक मिनिटात निघून जायचं असतं. तेव्हा द्या. फोन त्यांच्या हातात देऊ नका, एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा. गाडीचं तोंड जिकडे आहे त्याच्या उलट दिशेला, दुभाजक ओलांडून, पेट्रोल पंप किंवा कंपनीच्या गेटवरच्या दिव्याकडे. मग ११२. चोरीचा फोन बंद पाडायची सोय मे २०२३ पासून देशभर आहे. ‘संचार साथी’वर तक्रार टाकली की त्याचा आयएमईआय अडवला जातो. लातूर-नांदेडहून किंवा बिहारमधून आलेल्या पोराला हे पटवणं सोपं नसतं. फोनचे हप्ते अजून फिटायचे असतात, गावी पैसे त्याच फोनवरून जातात, आणि शिवाय ‘मर्दानं असं सोडून द्यायचं?’ हा प्रश्न त्याच्या डोळ्यांत असतो. मी त्याला कमानपाट्याच्या कोयत्यानं तुटलेल्या बोटांवर टाके घालायचा हिशेब सांगायचो. कुठे पटायचं, कुठे नाही.

हे दुसरं मत मला फार भक्कम वाटत होतं. अंतर ठेवा, द्या, पळा. सगळीकडे शहाणी माणसं हेच सांगतात. मी कंपन्यांना डाव दाखवायचं बंदच केलं. एका ठिकाणच्या एचआर बाईंनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही. त्यांच्या मते कार्यक्रमात ‘एनर्जी’ नव्हती.

मग २७ जून २०२३ आला. सदाशिव पेठेत, भर सकाळी, एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला. ती पळत होती. म्हणजे मी जे सांगत होतो तेच करत होती. आणि तरी तो तिला गाठत होता. तिला वाचवलं ते तिच्या पळण्यानं नाही, तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेल्या लेशपाल जवळगे या मुलानं उगारलेला कोयता धरला म्हणून, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी तरुण धावले म्हणून. तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. मीही पाहिला, पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून. टूलरूमची सवय; कोणता भाग आधी हलतो ते बघायचं.

मला त्यात डाव दिसला नाही. फुली नाही, पिरगाळणं नाही. दिसलं ते एवढंच, की कोयतेवाल्याचं सगळं लक्ष त्या मुलीवर होतं आणि हात भलत्याच बाजूनं आला. हल्ला ज्याच्यावर होतोय तो हल्लेखोराच्या नजरेत असतो; त्यानं काहीही केलं तरी ते दिसतं. शेजारी उभा असलेला दिसत नाही. त्याच्याकडे ते सेकंद असतात जे ट्यूलरच्या हिशेबात कुणाकडेच नव्हते. इतकी वर्षं मी, आणि मीच काय, आमच्या धंद्यातले बहुतेक सगळे, हत्यार काढून घ्यायची विद्या नेमकी चुकीच्या माणसाला शिकवत होतो. ज्याच्यावर वार होतोय त्याला. ती शिकायला हवी होती बघणाऱ्यानं.

दीड वर्षानं, ७ जानेवारी २०२५ ला, हाच विचार उलट्या बाजूनं समोर आला. येरवड्यात एका कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्यानं एका तरुणीवर धारदार हत्यारानं वार केले. भोवती माणसं होती. व्हिडिओत ती दिसतात. त्यानं हत्यार टाकल्यावर ती माणसं त्याच्यावर धावून गेली. तोवर उशीर झाला होता, तिचा रुग्णालयात मृत्यू झाला. त्या माणसांना नावं ठेवणारे लेख बरेच आले. मला तो सूर आवडला नाही. हातात काही नसताना, कुणीही काही शिकवलेलं नसताना, पहिला कोण जाणार? जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एका खोलीत धूर सोडून पाहिलं होतं. खोलीत एकटा असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी उठून कुणाला तरी सांगितलं. तिघं तिघं बसवले तेव्हा ३८ टक्के गटांतूनच कुणीतरी उठलं. भित्री माणसं सगळी गटांतच आली असतील का? गर्दीत जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. म्हणून गर्दीला आधीच सांगून ठेवावं लागतं, की कुणी काय करायचं.

आणि गर्दीला रिकाम्या हातानं जावं लागत नाही, ही गोष्ट मला फार उशिरा सुचली. जपानमध्ये ८ जून २००१ ला ओसाकाजवळच्या इकेदा शाळेत एका माणसानं चाकूनं आठ मुलांना मारलं. त्यानंतर तिथल्या शाळांत ‘सासुमाता’ आली: माणसाएवढ्या काठीच्या टोकाला अर्धवर्तुळाकार फाटा, त्यानं हल्लेखोराला लांबूनच भिंतीला दाबून धरायचं. जुन्या काळी तिथले शिपाई तलवारवाल्याला असंच धरत. नोव्हेंबर २०२३ मध्ये टोकियोच्या उएनो भागात दागिन्यांच्या दुकानात शिरलेल्या तिघा दरोडेखोरांना एका कर्मचाऱ्यानं अशाच काठीनं हुसकलं. लंडनमध्ये २९ नोव्हेंबर २०१९ ला फिशमंगर्स हॉलमध्ये चाकूहल्ला झाला, तेव्हा लोक हातात येईल ते घेऊन धावले: भिंतीवरचा नार्व्हल देवमाशाचा दात, खुर्ची, आणि अग्निशामक सिलिंडर.

सिलिंडर! चाकणच्या कुठल्याही शेडमध्ये उभे राहा आणि बघा. भारतीय मानक २१९० प्रमाणे अग्निशामक सिलिंडर गाठायला १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. म्हणजे कामगार जिथे असेल तिथून काही सेकंदांवर पावडरचं लाल सिलिंडर असतंच. पिन काढा, दांडा दाबा, तोंडावर मारा. समोरच्याला दिसेनासं होतं, खोकला लागतो, तो काही क्षण तरी थांबतो, आणि हे सगळं कोयत्याच्या टप्प्याबाहेरून करता येतं. संपल्यावर रिकामं सिलिंडर हातात उरतं ते वेगळंच. पार्किंगमध्ये असतं, गेटवर असतं, कँटीनमध्ये असतं. मी इतकी वर्षं कँटीनमध्ये डाव दाखवत होतो तेव्हा ते माझ्या पाठीमागच्या खांबावर टांगलेलं असायचं.

आता वर्गात एकाच्या हातात प्लायचा कोयता, एक त्याच्यासमोर, आणि बाकीचे भोवती. समोरच्यानं करायचं ते थोडकं: अंतर, आडोसा, आरडाओरडा. हेल्मेट, सॅक, खुर्ची, जे असेल ते पुढे धरायचं. डाव भोवतीच्यांचा. एक सिलिंडर किंवा लांब काही घेऊन पुढून. त्याचं काम फक्त लक्ष वेधायचं. दुसरा मागून किंवा बाजूनं, आणि त्यानं दोन्ही हातांनी एकच गोष्ट धरायची: हत्याराचा हात. एक हात मनगटावर, एक कोपराजवळ, छातीशी घट्ट, आणि काहीही झालं तरी सोडायचं नाही. हत्याराच्या पात्याला हात लावायचा नाही, हत्यार काढून घ्यायचा प्रयत्नही करायचा नाही. हात अडकला की कोयता कामाचा राहत नाही, आणि तोवर तिसरा-चौथा पोहोचतो. पाचवा ११२ लावतो. कोयता पडला की पायानं लांब सारायचा. रंगाचे पट्टे आताही येतात, पण कमी, आणि मुख्य म्हणजे मानेवर-पोटावर नाही.

पोरं विचारतात, दुसऱ्याच्या भांडणात पडलो तर पोलीस आपल्यालाच आत टाकणार नाहीत ना? म्हणून थोडा कायदाही सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची. कलम ३५ मध्ये स्वतःच्या शरीराबरोबर दुसऱ्या कुणाच्याही शरीराचा बचाव करायचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ९७व्या कलमातही तो होताच. मर्यादा कलम ३७ मध्ये: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. कोयता पडून तो जमिनीवर दाबला गेला, की तुमचा हक्क तिथे संपला. पुढे त्याला तुडवलं तर तो बचाव राहत नाही. हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो, कारण आमच्याकडची गर्दी पहिल्या मिनिटाला थिजते आणि पाचव्या मिनिटाला चवताळते. सुरक्षारक्षकांना तर हे माहीत असायला हवं. २००५ च्या कायद्याखाली त्यांच्यासाठी १६० तासांचं प्रशिक्षण ठरलेलं आहे आणि खासगी बचावाचा हक्क त्या अभ्यासक्रमात आहे. गेटवरच्या रक्षकांना मी विचारतो. बरेच जण हसतात.

रक्त थांबवणं हा भाग मी नव्यानं धरला. येरवड्याच्या त्या घटनेत जखम कोपराजवळची असल्याचं बातम्यांत आलं होतं, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. हातापायाच्या मोठ्या शिरेतून रक्त गेलं तर काही मिनिटांत जीव जातो. १०८ ची गाडी चाकणच्या तळेगाव चौकातून वाट काढत येईपर्यंत कुणीतरी तिथे दाब देऊन बसायला हवं. स्वच्छ कापड, ओढणी, शर्ट, काहीही; जखमेवर थेट, दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून, आणि उचलून बघायचं नाही. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. एका बाजूला कोयता धरणारा, दुसऱ्या बाजूला जखम दाबणारा. मला तर दुसराच जास्त जीव वाचवेल असं वाटतं.

एक प्रसंग असा आहे, जिथे माझं नवं मतही लंगडं पडतं. ओळखीचा माणूस, पाठलाग करणारा, नकार न पचलेला, आणि मुलगी एकटी, आजूबाजूला कुणी नाही. त्याला फोन नको असतो, तीच हवी असते. तिथे ‘द्या आणि पळा’ चालत नाही आणि तिसरा माणूस नसतो. वर्गातल्या मुलींनी हे विचारलं की मी त्यांना भिंतीशी अडकल्यावर हत्याराचा हात दोन्ही हातांनी छातीशी आवळायला शिकवतो, आणि सोबत सांगतो की हे सगळ्यात शेवटचं, रंगाचे पट्टे लागणारच. त्याआधी पाठलागाची तक्रार, कलम ७८ खाली, पहिल्याच वेळी. ‘घरी कळेल’ म्हणून ती केली जात नाही. उतरंडीच्या वरच्या पायऱ्या त्या मुलीच्या हातात नाहीत. त्या घरच्यांच्या, कंपनीच्या, चौकीतल्या हवालदाराच्या हातात आहेत. मी त्यांना कँटीनमध्ये बोलवू शकत नाही.

माझ्या जुन्या गुरुबंधूंना हे सगळं पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, तू पोरांची रग काढून घेतोस; जंबिया शिकलेल्या माणसाच्या चालण्यातच एक दरारा असतो आणि तोच त्याला वाचवतो. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. रविवारी सकाळी मी अजून जंबियाचे हात करतो, मला त्यात आनंद मिळतो. फक्त ते कँटीनमध्ये विकत नाही. गुरुबंधूंना म्हटलं, एकदा पांढरा बनियन घालून या. ते अजून आलेले नाहीत, पण येईन म्हणाले आहेत.

तोवर माझी खरी अडचण वेगळीच आहे. सिलिंडरचा सराव खरं सिलिंडर फोडल्याशिवाय होत नाही, आणि फोडलेलं सिलिंडर पुन्हा भरून आणायला पैसे पडतात. ज्यांची रिफिलिंगची तारीख जवळ आलेली आहे अशी सिलिंडरं भरायला पाठवण्याआधी आमच्या सरावाला द्या, असं मी दोन-तीन कंपन्यांच्या सेफ्टीवाल्यांना म्हटलंय. एकानं ती बाजूला काढून ठेवलीत. दुसरा म्हणतो, पावडर शेडमध्ये उडाली तर मशीनच्या बेअरिंगमध्ये जाईल, बाहेर पार्किंगमध्ये करा. पार्किंगवाले म्हणतात, साहेबांच्या गाड्यांवर बसेल. सध्या चर्चा मागच्या स्क्रॅप यार्डपर्यंत आलेली आहे.